उरू द्याचं नाही

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही, त्यामुळे चार ओळी लिहायला बसलो तरी मागे कुणी उभं राहून वाचतंय असं वाटतं आणि हात थांबतो. त्यात जिच्याबद्दल लिहायचं तिचं नाव लिहिता येत नाही. ती एच.आय.व्ही.ची औषधं घेत होती. मी समाजकार्याचा विद्यार्थी म्हणून अमरावतीत त्या औषधांच्या एका केंद्रावर वर्षभर जात होतो. इथलं नाव इथेच ठेवून बाहेर पडायचं, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तीही एकदा म्हणाली होती, "नाव नोको सांगजो बाबू कोनाले. बाकी काय सांगाचं ते सांग. माह्यात सांगासारखं हायच काय?"

म्हणून नाव वगळून बाकीचं सांगतो.

केंद्रावर आली की ती आधी बंद मूठ पुढे करायची. आपण हात पुढे केला की मूठ उघडायची आणि तळहातावर एक फूल पडायचं. कधी शेवंती, कधी झेंडू, मोगऱ्याच्या दिवसांत दोन-तीन कळ्या. डॉक्टरांना फूल, समुपदेशन करणाऱ्या ताईंना फूल, दारावरच्या शिपायाला फूल. रांगेत मान खाली घालून बसलेल्या अनोळखी माणसालाही फूल. त्या रांगेत कुणी कुणाकडे पाहत नाही. पण हातात फूल आलं की माणूस वर पाहतोच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मलाही मिळालं आणि मी ते नाकाशी नेलं.

"हा! घेतला वास," ती म्हणाली. "आता ते देवाच्या कामाचं नाही राह्यलं. ठेव खिशात."

मग कळलं, ती स्वतः फुलाचा वास कधीच घेत नसे. जन्म फुलांत गेला, घरचा मळा, राजापेठेत फुलांची टोपली, पण वास घेतला की फूल उष्टं होतं, असं तिच्या घरात लहानपणापासून शिकवलेलं. "मग तुम्हाला मोगऱ्याचा वास कसा असतो ते माहीतच नाही?" मी एकदा विचारलं. "येते ना बाप्पा दुरून," ती म्हणाली. "आपून मुद्दाम घ्याचा नाही."

माझी खोली राजापेठेतच होती. शिकवणीचे वर्ग, कपड्यांची दुकानं, गाड्यांचा गोंगाट आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर ती. तिथे मात्र ती मला ओळखत नसे. पहिल्यांदा मी हसून 'मावशी' म्हणालो, तर माझ्या चेहऱ्याकडे न बघता मोठ्याने म्हणाली, "काय पाह्यजे भाऊ? हार पाह्यजे का पुडी?" मी गोंधळून नको असलेला हार घेऊन खोलीवर आलो. पुढच्या वेळी केंद्रावर तिनेच विषय काढला. "रागावला काय? तिथं माही सून येते, नात येते. तिथं मी तुले ओळखत नाही. तू गिऱ्हाईक. अन् हार कायले घेतला रे? लगन होतं काय?"

तिचे यजमान गेल्यावर तपासणीत तिला स्वतःचं कळलं होतं. मुलगा आणि सून नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत कापडाच्या कारखान्यात जात. अकोल्याला दिलेली एक मुलगी. यांपैकी कुणालाही तिने सांगितलं नव्हतं. 'ताकदीच्या गोळ्या' एवढंच त्यांना माहीत. घरी प्रश्न नकोत म्हणून ती गोळी दुपारी टोपलीपाशी, भाकर खाऊन झाल्यावर घ्यायची. गोळ्यांची मूळ डबी मळ्यातल्या खोलीत असे आणि महिन्याच्या लागतील तेवढ्या हार ओवायच्या सुईदोऱ्याच्या डब्यात. वेळ चुकू नये म्हणून नातीकडून मोबाइलवर गजर लावून घेतला होता. 'ताकदीच्या गोळीसाठी' म्हणून नातीने कोंबडा लावून दिला. भर दुपारी राजापेठेत कोंबडा आरवायचा आणि शिकवणीला आलेली पोरं मान वळवून बघायची. ती म्हणायची, "पाहा मा, कोंबडं कुठं हाय ते. सापडलं त मले आणून देजा."

संध्याकाळी टोपलीत फुलं उरली की ती कधी घरी नेत नसे. जाता-येता जो दिसेल त्याला द्यायची. शिकवणीतून सुटलेल्या मुली, सिग्नलवरचा पोलीस, स्कूटरवर मागे बसलेली कुणी बाई. नको म्हणणाऱ्याच्या गाडीच्या हँडलला माळ अडकवायची. कुणी पैसे काढले की रागवायची. "उरू द्याचं नाही," म्हणायची. "उरलं का सडते. लोकाच्या अंगावर गेलं म्हंजे कामी आलं."

हे वाक्य मी केंद्रावरही ऐकलं होतं. तिथे दर खेपेला गोळ्यांची डबी परत आणायची असते, म्हणजे किती उरल्या ते बघता येतं. बहुतेकांच्या उरतात. परतवाड्याकडचा एक जीपवाला डबी दुसऱ्याच्या जीपमध्ये विसरायचा. एक तरुण बाई सासू झोपेपर्यंत वाट बघायची आणि सासूच्या आधी स्वतःच झोपी जायची. एका नवऱ्याने बायकोची डबी येईपर्यंत आपल्यातल्याच गोळ्या दोघांत वाटून घेतल्या होत्या, प्रेमाने. मी या सगळ्यांना समजावून सांगायला शिकत होतो. गोळी रोज रक्तात असली की विषाणू दबून राहतो. मध्ये दिवस रिकामे गेले की तो डोकं वर काढतो. असं वरचेवर झालं की तो त्या गोळीला सरावतो, आणि मग तीच गोळी कितीही घेतली तरी त्याला लागत नाही. हे मी घाईघाईने उरकायचो, कारण समोरच्याला ते माझ्यापेक्षा जास्त कळतंय असं वाटायचं.

तिच्या डबीत कधी एक गोळी जास्त निघाली नाही. ताई इतरांना सांगायच्या, "त्या फुलवाल्या मावशींकडे बघा." मावशी पदर सावरून म्हणायची, "आपलं उरू द्याचं काम नाही."

आणि तरी तिचा व्हायरल लोडचा रिपोर्ट वाईट आला.

व्हायरल लोड म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचं मोजमाप. गोळ्या नीट चालू असलेल्या माणसाचा तो जवळजवळ सापडू नये इतका खाली यायला हवा. तिचा खाली येत नव्हता. डॉक्टरांनी वजन पाहिलं, दुसरी कुठली औषधं घेते का ते विचारलं, उलटी होते का विचारलं. ताईंनी तीन महिने दर महिन्याला बोलावून तिच्याशी बोलायचं ठरवलं. पुन्हा तपासणी झाली. रिपोर्ट आणखी वाईट.

"गोळी चुकते का कधी, मावशी?" ताई हळू आवाजात विचारायच्या.

"नाही बाई."

"खरं सांगा, मी रागावणार नाही."

"अंबाबाईची आन. डबी पाहा ना तुमी."

डबी रिकामी असे. ताई माझ्याकडे बघत आणि मी टेबलाकडे. ती निघताना दारातून परत फिरायची आणि मलाच विचारायची, "माहं काही चुकून राह्यलं काय रे बाबू?" मी नाही म्हणायचो. मला खरंच तसं वाटत होतं. "नातीले तुह्यासारखं कॉलेजात गेलेलं पाह्याचं हाय मले," ती म्हणायची. "थोडं त टिकलं पाह्यजे." मग हाताची मूठ उघडून बघायची, फूल उरलंय का म्हणून. नसे. ते सगळं आल्या आल्या वाटून झालेलं असे.

तोवर राजापेठेत आमची थोडी ओळख तिने मान्य केली होती. सुनेला सांगितलं होतं की हा अकोल्याकडचा पोरगा आहे, याचा बाप भाजीची गाडी लावतो, आपल्यातलाच आहे. मी दुपारी कॉलेजातून येताना तिच्या पायरीवर टेकायचो. ती हार ओवायची आणि शेजारच्या पानठेल्यावाल्याची टिंगल करायची. "हा दिवसभर लोकाले चुना लावते अन् सांजीले म्हणते कंबर दुखते."

एका दुपारी मी कचोऱ्या घेऊन गेलो. एक तिच्यापुढे धरली. तिने हात मागे घेतला. तेवढ्यात कोंबडा आरवला. तिने मोबाइल उचलला, बटण दाबलं आणि पुन्हा सुई फुलात घातली.

मी विचारलं, "मावशी, गोळी?"

"आज नाही."

"नाही म्हणजे?"

"आज चतुर्थी हाय ना. उपास हाय माहा."

"उपासाचा आणि गोळीचा काय संबंध?"

"वा बाप्पा!" ती म्हणाली. "तुमीच सांगता ना, जेवून घेजा म्हणून. उपाशापोटी घेतली त पोटात आग पडते. तुही ताईच सांगते हरेकाले."

"पण तुम्ही साबुदाण्याची उसळ खाल्ली असेल ना सकाळी?"

ती हसायला लागली. पानठेल्यावाल्यालाही ऐकू जावं इतकी हसली. "उसळ म्हंजे जेवण हाय काय रे? उसळ खाल्ली म्हणून कोनी जेवलो म्हणते? एवढं शिकून राह्यला तू अन् काय बोलून राह्यला!"

माझ्या हातातली कचोरी तशीच होती. "मग आजची गोळी उरते."

"उरू कायले देतो? माहा उपास दुसऱ्या दिवशीच सुटते. उद्या सोडीन, पोटभर जेवीन, मंग दोन घेतो. आजची अन् उद्याची. आपलं उरू..."

ती थांबली, कारण माझा चेहरा तिने बघितला होता.

मी विचारलं, "किती उपास करता, मावशी?"

ती आता जपून बोलायला लागली. आधी एक सोमवारच होता, यजमान होते तेव्हापासून. मग पहिला रिपोर्ट खराब आला, तेव्हा तिने चतुर्थी धरली. मग ताईंनी महिन्याच्या महिन्याला बोलवायला सुरुवात केली, तेव्हा दोन्ही एकादशा. पुढचा रिपोर्ट आला, तेव्हा गुरुवारही. नवरात्र तर होतंच, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ती दोन-दोन गोळ्या घेत होती. "औषध औषधाचं काम करते," ती म्हणाली. "आपून आपल्याकडून काही कराव का नाही? रिपोट खराब आला का मी एक उपास वाढोतो."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय म्हणाला असता, मला माहीत नाही. मी कचोऱ्या पुन्हा कागदात गुंडाळल्या. गाड्या जात होत्या. ताईंनी बरोबर सांगितलं होतं, जेवून घ्या, एकही उरू देऊ नका. तिने अगदी तसंच केलं होतं. रिपोर्ट वाईट आला की ती घाबरून एक उपास धरायची, त्या दिवशी गोळी जायची नाही, त्यामुळे पुढचा रिपोर्ट अजून वाईट यायचा. दुसऱ्या दिवशीच्या दोन गोळ्या आदल्या दिवसाची जागा भरत नाहीत. डबी मात्र रिकामी होते. कुणी खोटं बोललं नव्हतं. रागवावं असं मला कुणी सापडेना.

"चुकलं काय रे?" तिने विचारलं.

दुसऱ्या दिवशी ताईंनी तिला समजावून सांगितलं. ताई चांगल्या होत्या. त्यांनी रागाचा एक शब्द काढला नाही. गोळी पाण्यासोबत नुसती घेतली तरी चालते, उसळीवर घेतली तरी चालते, त्याने उपास मोडत नाही, असं सांगितलं. मावशी ऐकत होती. मग म्हणाली, "औषध पोटात घालून उपास? तसा उपास मले येत नाही बाई. कराचा त पुरा कराचा, नाही त सोडून द्याचा." आणि थोड्या वेळाने, "म्हंजे मी जेवढं देवाले धरलं, तेवढं..." ताईंनी तिच्या हातावर हात ठेवला. त्या दिवशी मूठ उघडून फूल द्यायचं ती विसरली.

उपास सोडायचा तर देवीला सांगूनच सोडायचा, असं तिने ठरवलं. मला सोबत नेलं. अंबादेवीच्या देवळाबाहेर मी तिच्या चपला सांभाळत उभा राहिलो. ती गर्दीतून बाहेर आली तेव्हा कपाळावर कुंकू होतं आणि डोळे कोरडे होते.

"सांगितलं?"

"सांगतलं. म्हटलं, तुहे सारे उपास वापस घे, मले गोळी खाची हाय."

"मग?"

"मंग काय? ते कधी बोलली हाय कोनाशी?" तिने चपला पायात सरकवल्या. "रागावली असन त कळनच."

हे ती हसत म्हणाली होती. मला हसू आलं नाही.

डॉक्टरांनी वरच्या दवाखान्यात तिची कागदपत्रं पाठवली आणि औषधं बदलून मिळाली. नव्या गोळ्या दिवसातून दोन वेळच्या. आता दुपारचा कोंबडा गेला. सकाळी एक आणि संध्याकाळी एक असे दोन गजर आले. ती सोमवारी जेवू लागली. जेवताना, सुनेने सांगितलं, आधी हात जोडायची आणि घास तोंडात घोळवत बसायची. आणि नेमका तेव्हाच तिला खोकला लागला. मग ताप. टीबी निघाला. मधल्या रिकाम्या दिवसांत शरीर आतून किती खाल्लं गेलं होतं ते आता दिसू लागलं. टोपली उचलेनाशी झाली. राजापेठेतली पायरी रिकामी दिसायला लागली आणि थोड्याच दिवसांत तिथे कुणीतरी मोबाइलची कव्हरं विकायला बसलं.

सून कारखान्यात, मुलगा कारखान्यात, दिवसा बघायला कुणी नाही. म्हणून मुलगी तिला अकोल्याला घेऊन गेली. ताईंनी तिची नोंद तिथल्या केंद्रावर हलवून दिली. माझं वर्षही संपत आलं होतं.

सुट्टीत अकोल्याकडे घरी गेलो तेव्हा तिला भेटायला गेलो. मुलीला मी 'राजापेठेतला शेजारी' म्हणून माहीत होतो. मावशी अंगणातल्या खाटेवर बसली होती. इतकी लहान झाली होती की मी आधी दुसरीकडेच बघत होतो. तिच्या पुढ्यात एका ताटलीत पोळी आणि वरण होतं.

"आज सोमवार हाय," तिने मला आधी हेच सांगितलं. "पाह्य. पोई खाऊन राह्यली." मग तिने उशाखालून सुईदोऱ्याचा डबा काढला, मुलगी आत गेलेली बघितली, आणि गोळी जिभेवर ठेवून पाणी प्याली. तोंड उघडून दाखवलं, लहान मुलं दाखवतात तसं. "गेली ना? सांगजो तुह्या ताईले."

मी म्हणालो, सांगतो.

"आता रिपोट चांगला येईन?"

नवी औषधं लागू पडायला वेळ लागतो, आणि तो वेळ शरीराकडे असावा लागतो. हे मला तोवर समजलं होतं. मी म्हणालो, "येईल, मावशी." तिने खाटेखाली हात घातला. अंगणातल्या रोपट्याची दोन कण्हेरीची फुलं होती तिथे, सुकत चाललेली. मूठ माझ्यापुढे केली. मी हात पुढे केला. फुलं पडली. मी वास घेतला नाही.

"शिकला," ती म्हणाली.

त्यानंतर परीक्षा आली. फोन करायचं मनात यायचं, पण तिकडे कुणी उचलला तर काय बोलायचं ते सुचायचं नाही. मग एके दिवशी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी कॉलेजच्या पायऱ्यांवर होतो.

"तुमी कॉलेजवाला बाबू काय?" बाईचा आवाज. "आईच्या मोबाइलात तुमचं नाव तसंच हाय. मी अकोल्यावरून बोलून राह्यली. आई गेली. झाले आता काही दिवस. सुतकात होतो, फोन कराचं राह्यून गेलं."

ती रडत नव्हती. रडून झालं असावं.

"तिनं तुमाले सांगाले सांगतलं होतं," ती म्हणाली. "बाबूले म्हणजो, एकबी चुकोली नाही. उपासबी नाही केला. दोनदा सांगतलं तिनं. मले काही समजलं नाही, पण तुमाले समजन म्हणे."

"समजलं," मी म्हणालो.

"अन् भाऊ, एक इचाराचं होतं. तिच्या सुईदोऱ्याच्या डब्यात गोळ्या हायेत. बऱ्याच उरल्या. आई त काही उरू देत नव्हती. त्या कायच्या गोळ्या होत्या?"

समोरून पोरं-पोरी पायऱ्या उतरत होती. मला नाव जिथलं तिथे ठेवून बाहेर पडायचं होतं.

"ताकदीच्या," मी म्हणालो.